एकोणचाळीस अर्धवट पत्रं

सोमवार, ४ मार्च

पत्र गोठलं. चौथ्या ओळीवर. कर्सर थांबला, खिडकी पांढुरकी पडली आणि वर तेच — 'प्रतिसाद देत नाही'. मी तरी कुठे देतोय!

दातांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंना लिहायचं होतं. आमच्या कवळ्यांच्या कारखान्याला — कारखाना कसला, दोन टेबलं, एक भट्टी, ताई आणि मी — निम्म्याहून जास्त काम त्यांच्याकडून येतं. मागच्या आठवड्यात एका शिक्षिकेचा पुढचा दात करून दिला. छटा ताईने निवडली. आता बाई हसल्या की तो एकच दात करडा दिसतो. बिचारीने वर्गात हसायचं सोडलंय म्हणे. डॉक्टरीणबाई फोनवर चिडल्या असत्या तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "ही तिसरी वेळ. यापुढे छटा कोण बघणार ते मला लेखी कळवा. वीस तारखेच्या आत. ताईच बघणार असतील तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल."

बत्तीस वर्षं छटा ताईच बघते. समोरच्याने तोंड उघडलं की नमुन्यांची पट्टी न लावता सांगायची — हा पिवळट, तो निळसर, याला चहा फार. मला तिनेच शिकवलं. आणि मी तिला बाजूला सारायचं पत्र लिहितोय, दुपारी जेवायला घरी आल्यावर, तिच्या पाठीमागे. लाज वाटते.

मंगळवार, ५ मार्च

कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पाचव्या ओळीवर गोठला. प्रगती आहे!

ही म्हणाली, "मोबाइलवरून लिहा की." माझ्या बोटांतून मोबाइलवर 'बरं' आणि 'येतो' याच्या पुढे काही उमटत नाही. मग म्हणाली, "अहो, आधी ताईंना तोंडाने सांगा." तेवढं सोडून काहीही सांग, बाई.

गुरुवार, ७ मार्च

मेव्हण्याने फोनवर ज्ञान पाजळलं. "अँटिव्हायरस आडवा येतो, भाऊजी. काढून टाका." काढला. गोठलं. "शुद्धलेखन तपासणी बंद करा." केली. गोठलं. "पत्त्यांची यादी फुगली असेल." दोनशे पत्ते खोडले. त्यात बंद पडलेली दुकानं होती, गेलेली माणसं होती. सगळ्यांना एकेक करून घालवलं, आणि सातव्या ओळीवर पुन्हा पांढरी खिडकी.

शुक्रवार, ८ मार्च

इथे तरी खरं लिहावं.

ताईच्या डोळ्यांचा पडदा झिजतोय. मधलं धूसर होत जाणार, औषध नाही. हे तिने मला सांगितलेलं नाही. आठ महिन्यांपूर्वी तिच्या खणात मेणाची सुरी शोधताना डॉक्टरांचा कागद दिसला, तो मी वाचून जसा होता तसा ठेवला. ती लपवते. मला माहीत आहे हे मी लपवतो. एकाच आईची लेकरं!

कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर तिने अक्षरं इतकी मोठी केलीत की एका वेळी चार शब्द मावतात. रोज सकाळी आमच्या दोघांच्या एकाच इमेलवर आलेल्या ऑर्डरी तशाच वाचते, मोठ्याने, म्हणजे मला वाटावं की सगळं ठीक आहे. ती येण्याआधी मी तासभर लवकर जातो. तिचे आदल्या दिवशीचे दात तपासतो, चुकले असतील ते पुन्हा करतो आणि तिच्या ताटलीत परत ठेवतो. त्या शिक्षिकेच्या दाताच्या दिवशी मला ताप होता. एक दिवस गेलो नाही, तर हे.

सोमवार, ११ मार्च

मेव्हण्याच्या सांगण्यावरून इमेलचा अख्खा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. दोन दुपारी गेल्या. जुनी पत्रं परत उतरली, सगळं नवंकोरं दिसायला लागलं. जीव भांड्यात पडला. 'आदरणीय डॉक्टर' लिहिलं. सहा ओळी झरझर झाल्या.

गोठलं. टेबलावर डोकं टेकून बसलो.

मंगळवार, १२ मार्च

नाहीतरी गोठणारच. नाहीतरी पुसलं जाणारच. म्हणून आज मनात येईल ते लिहिलं — 'ताईची नजर गेली आहे आणि ती कबूल करत नाही. तिची कामं मी रोज चोरून दुरुस्त करतो. मी थकलो आहे. ती एकदाची घरी बसली तर सुटल्यासारखं होईल.'

मग गोठलं. बरं झालं! प्रोग्रॅम खाडकन बंद केला. किती दिवसांनी हलकं वाटलं.

गुरुवार, १४ मार्च

ताई कालपासून गप्प आहे. विचारलं तर म्हणाली, "काही नाही रे, दाढ दुखतेय." आम्ही गावाला दात पुरवणार आणि हिची दाढ दुखणार!

दुपारी नमुन्यांची पट्टी माझ्यासमोर ठेवली. "आजच्या छटा तू बघ. मला कंटाळा आलाय."

कंटाळा! हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकलेला नाही. बोलायची वेळ हीच होती. दार तिने स्वतः उघडून दिलं होतं. मी म्हणालो, "बरं."

शुक्रवार, १५ मार्च

तीनदा गोठलं. जेवण गेलं नाही.

सोमवार, १८ मार्च

डॉक्टरीणबाईंचा इमेल — 'परवा शेवटचा दिवस.' मी हात टेकले. उद्या मदतकेंद्राला फोन करतो.

मंगळवार, १९ मार्च

मदतकेंद्रातली मुलगी गोड बोलत होती. वीस मिनिटं हे उघडा, ते दाबा. मग म्हणाली, "सापडलं सर! तुमचं अर्धवट पत्र दर दोन मिनिटांनी आपोआप जतन होतंय. तुमच्या कॉम्प्युटरवर नाही, इमेल कंपनीच्या सर्व्हरवर. लाइन हळू आहे, म्हणून तेवढा वेळ सगळं अडकतं. डावीकडे 'मसुदे' लिहिलंय ना, त्यावर क्लिक करा."

मी तिथे कधी गेलोच नव्हतो. एकोणचाळीस पत्रं. प्रत्येक दुपार तारीखवार.

"बघा सर, काहीच हरवलेलं नाही!" तिला केवढा आनंद.

मी विचारलं, हाच इमेल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला असेल तर?

"तिथेही दिसणार. हीच तर सोय आहे सर."

मी इथे घरी टाइप करतो, तेव्हा ताई कारखान्यात डबा उघडून त्या मॉनिटरसमोर बसलेली असते. खुर्ची एकच धड आहे, म्हणून. एका वेळी चार शब्द. 'ताईची नजर गेली आहे'. 'एकदाची घरी बसली तर'. तेही एवढाल्या अक्षरांत! देवा, काय करून बसलो मी!

मुलीने ते आपोआप जतन करणं बंद करून दिलं. आता प्रोग्रॅम कसा पाण्यासारखा चालतो. 'आदरणीय डॉक्टर' लिहिलं. पुढे एक अक्षर सुचलं नाही. अर्धा तास तसाच बसलो आणि ते दोन शब्दही खोडले.

उद्या सकाळी आधी ताईशी बोलायचं. पाय धरायला लागले तरी चालेल. मग पत्र.

बुधवार, २० मार्च

माझ्याआधी आली होती. टेबल आवरत होती. मी "ताई —" म्हणालो, तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "डॉक्टरीणबाईंचं उत्तर आलंय, वाच."

उत्तरात एकच शब्द, 'आभार'. खाली, ज्याला उत्तर होतं ते पत्र. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गेलेलं, माझ्या नावाने. यापुढे सगळ्या छटा मी बघेन, झाल्या चुकीबद्दल क्षमस्व — वाक्यं माझीच, माझ्याच मसुद्यांतून वेचून घेतलेली. शेवटची दोन तेवढी मी कधीच लिहिलेली नव्हती.

'ताईशी मी स्वतः बोललो आहे. समोर बसून सगळं नीट सांगितलं, आणि तिला अजिबात वाईट वाटलेलं नाही.'