बाबांसाठी एक दाबा

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार. (धंद्यासोबत मीही आडवा झालोच आहे, तर नमस्कारही त्यातच उरकतो.) तुमची पाठ आता कशी आहे? ताईची सर्दी गेली का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, बाबा तर जरा जास्तच. पत्र मुद्दाम तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडतोय. मोबाईलवर बोललो असतो, पण तुमचा मोबाईल आधी ताई उचलते, आणि ताईला कळलेली गोष्ट बाबांना कळायला इंटरनेटसुद्धा लागत नाही.

तर आपण मोठ्या मनाने आमच्या नळदुरुस्तीच्या दुकानाला जो इंटरनेटचा फोन बसवून दिलात, त्याबद्दल आभार मानायचे राहूनच गेले होते. एका खोलीच्या दुकानाला (त्यातही अर्धी खोली पाइपांची) सहा नंबर असावेत, ही कल्पना तुमच्यासारख्या दूरदृष्टीच्या माणसालाच सुचू जाणे. गिऱ्हाइकाला कंपनी मोठी वाटली पाहिजे, असं तुमचं म्हणणं होतं. वाटते हो. इतकी मोठी वाटते की कुणाला माझ्यापर्यंत पोहोचताच येत नाही.

अर्थात चूक तुमची कशी असेल? ती आमच्या घराण्याची. तुम्ही यंत्र लावून निघून गेलात आणि कुणाला कितवा नंबर द्यायचा हे आमच्यावर सोडलंत. शहाण्या दुकानात कामाप्रमाणे देतात, आम्ही वयाप्रमाणे दिले. एक नंबर बाबांना. दोन आईला (ती दुकानात पाऊल टाकत नाही, पण तिच्याआधी स्वतःचा नंबर लावायची माझी छाती नाही). तीन दादाला, जो बँकेत नोकरी करतो आणि ज्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा हेही ठाऊक नाही. चौथा मी. पाचवी माझी बायको, जी खरं तर एकटीच दुकान सांभाळते. सहावा रिकामा आहे, तो तुमच्या सन्मानार्थ राखून ठेवलाय. स्वागताचं बोलणं बाबांनी स्वतःच्या आवाजात भरलं. त्यात आधी फोन करणाऱ्याच्या घरच्यांची खुशाली आहे, मग दुकान कसं सुरू झालं त्याची हकिकत, आणि मग एकदाचं 'बाबांसाठी एक दाबा'. ज्याच्या स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी आलंय, तो पुढचं ऐकायला थांबत नाही, दाजी. तो एक दाबून मोकळा होतो.

मला वाटलं होतं, बाबांचा नंबर नुसता मानाचा. गुडघे गेल्यापासून ते दुकानात येत नव्हते. दिवसभर घरी खिडकीपाशी बसून समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहताना बघायचे आणि जेवताना हूं की चूं करत नसत. आम्ही मनातून धास्तावलो होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. एक नंबरचा फोन घरी त्या खिडकीत बसवला आणि माणूस पालटला. सकाळी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि फोन वाजला की लगेच दुरुस्ती. फोनवरूनच. आणि तीही फुकट! मेन कॉक बंद केलात? शाबास. आता तोटी उलटी फिरवा, घाबरू नका, मी आहे. गळती बंद, गिऱ्हाईक खूश, बाबा खूश, आणि मी दुकानात माशा मारतोय. कुणी चुकून 'माणूस पाठवा' म्हणालंच, तर बाबा त्याची समजूत घालतात की आमचा मुलगा येईल आणि नको तिथे ठोकत बसेल, त्यापेक्षा तुम्हीच करा.

हेही मी गिळलं. पण मागच्या आठवड्यात वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी फोन केला. सगळ्या मजल्यांचे नळ बदलायचं काम होतं, आणि त्यासाठी मी वर्षभर त्यांच्याकडे जोडे झिजवले होते. त्यांनीही एकच दाबलं. नळ बदलायची काही गरज नाही, नुसते वॉशर घाला, असं बाबांनी त्यांना पटवून दिलं, आणि तिथल्या पहारेकऱ्याला फोनवर बोलावून ते काम शिकवूनही टाकलं. संध्याकाळी व्यवस्थापकांनी मला आभाराचा निरोप पाठवला. वडील फार थोर आहेत म्हणे.

तेव्हा एकच विनंती. बाबा या जगात फक्त जावयाचं ऐकतात. तुम्ही त्यांना काहीतरी तांत्रिक कारण सांगा (उपग्रह, हवामान, तुम्हाला असलं छान जमतं) आणि तो एक नंबर काढून घ्या. नाहीतर दुकानाला कुलूप लावून मीही त्यांच्या शेजारी खिडकीत बसतो.

ताईला नमस्कार, भाचेकंपनीला गोड पापा.

तुमचा,
सध्या पूर्ण रिकामा असलेला मेहुणा

ता. क. : वर लिहिलं ते अर्धंच खरं आहे. वसतिगृहाच्या प्रकरणानंतर रागाच्या भरात मी कॉम्प्युटरवर बाबांच्या नावापुढचं बटण दाबून टाकलं. आता बाहेरचे फोन सरळ माझ्याकडे येतात आणि कामंही मिळतात. बाबा मात्र रोज शर्ट घालून बसतात. मधूनच रिसीव्हर कानाला लावतात, त्यात फुंकर मारतात, पुसून परत ठेवतात. परवा तर दाढीसुद्धा केली नाही. मला बघवत नाही हो. पुन्हा सुरू करायला गेलो, तर ते बटणच सापडेना. खरी विनंती ही आहे : ते कुठे असतं तेवढं ताबडतोब कळवा, आणि ताईच्या कानावर जाऊ देऊ नका.

आणखी एक ता. क. : आमचे आपापसातले फोन अजून लागतात. म्हणून रोज दुपारी मी दुकानातून, नाकात बोलत, साहेब आमचा नळ गळतोय असा बाबांना फोन करतो. ते इतक्या मायेने समजावतात की काय सांगू! मुलगा म्हणून माझ्याशी असे कधी बोलले नव्हते. आज पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा केला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, नळ गळू दे थोडा. तुमच्या वडिलांचा फोन बंद पडलाय ना, तो आधी सुरू करून घ्या."

मी नाकातूनच 'हो बाबा' म्हणून बसलो.