फाईल मी माझ्याकडेच ठेवली

प्रिय ठमे,

तुझं पत्र मिळालं. बाळाचं वजन महिनाभरात जराही वाढलं नाही, तोंडात पांढरं धरतं, जुलाब थांबत नाहीत, आणि तू मला विचारतेस, कुठलं टॉनिक देऊ. पत्र चार वेळा वाचलं. उत्तर तुझ्या शिवणाच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण घरचा फोन नेहमी तुझा नवराच उचलतो. दुकानातच वाच, घरी नेऊ नकोस.

इकडे आमचं रक्ततपासणीचं आणि सल्ल्याचं सेंटर महिनाअखेर बंद होतंय. सायकलच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या. तू एकदा आलीस आणि टेबलावरचा कंडोम शिकवायचा लाकडी नमुना पाहून अर्धा चहा टाकून खाली पळालीस, आठवतं? धंद्यावरच्या बायका मला रबरताई म्हणतात. आधी खिदळायच्या, मग दर सहा महिन्यांनी आपणहून रक्त तपासून घ्यायला यायला लागल्या. परवा त्यांच्यातली थोरली म्हणाली, आता आम्हाला कोण विचारणार. कपाटं रिकामी करायचं काम माझ्याकडे आलंय. फाईलवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. त्यातला एक नंबर मला दीड वर्षापासून पाठ आहे.

तो नंबर आपल्या नात्यातल्या एकाचा. जिन्यात मला पाहून तो परत फिरला होता, मीच हाक मारून बसवलं. ओळखीचं माणूस आलं की फाईल दुसऱ्या समुपदेशक बाईंकडे द्यायची, असा आमच्याकडे नियम आहे. मी दिली नाही. आमच्या घरात हे शिरलंय हे त्यांना कळलं असतं, आणि मला झाकली मूठ झाकलेलीच हवी होती. एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, "ताई, मी सांगतो तिला. आठ दिवस द्या." मी दिले. आठ दिवसांनी त्याचा फोन आला की बायकोला सांगितलं, तिची तपासणीही झाली, ती ठीक आहे, फक्त तिच्यापाशी विषय काढू नका, तिला लाज वाटते. मला तरी कुठे बोलायचं होतं! रिपोर्टचा कागद न बघता मी 'पत्नीची तपासणी' या रकान्यात बरोबरची खूण केली. दुसऱ्या बाई असत्या तर तिच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या. पुढे तिला दिवस गेले तेव्हा मी त्याला पुन्हा विचारलं. सगळं झालंय म्हणाला. मी पुन्हा मानलं. गावभर बायकांना सांगत फिरायचं आणि आपल्याच दिव्याखाली अंधार, असं झालं माझं.

तुझ्या पत्राच्या शेवटी, टॉनिकच्या खाली, तू सहज लिहिलंयस की सातव्या महिन्यात नर्सने रक्ताची चिठ्ठी दिली होती, पण हे म्हणाले ताईंच्या सेंटरवर करू, मग ते राहूनच गेलं. ठमे, तो नंबर तुझ्या नवऱ्याचा आहे. तुला आणि बाळाला जे झालं असेल ते तेव्हा तुला वेळेत सांगून आणि गोळ्या देऊन टाळता आलं असतं, आणि मी ते टाळलं नाही. माझी नोकरी तशीही जातेय, नियम मोडल्याचा दोष आता माझ्या डोक्यावर असू दे. टॉनिक नको. उद्याच बाळाला घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, तुझी आणि बाळाची एचआयव्हीची तपासणी करा म्हणून सांग. अंगावरचं दूध तिथल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नकोस. औषध लवकर सुरू झालं तर बाळं सावरतात, मी पाहिली आहेत. काही सावरत नाहीत, तीही पाहिली आहेत. माझं तोंड पाहायचं की नाही ते नंतर ठरव. तिथे कागद हातात पडल्याशिवाय कुणाच्याही शब्दावर उठू नकोस, माझ्यासुद्धा.

तुझीच,
ताई