गोंदलेला उजवा हात सोडून बाकी सर्व

मी, पांड्या नवशा भोये, वय अठ्ठेचाळीस, धंदा शेती व पिठाची गिरणी, राहणार साखरशेत, तालुका जव्हार, जिल्हा पालघर, गावदेवीला हात जोडून हे माझे मृत्युपत्र माझ्याच अक्षरात लिहून ठेवतो.

माझे डोके ठिकाणावर आहे. हे मी आपल्या मनाने म्हणत नाही. गेल्या महिन्यात गिरणीचा पट्टा तुटून कपाळावर बसला, तेव्हा डॉक्टरांनी मला आजचा वार कोणता, गाव कोणते, बायकोचे नाव काय, असे विचारले. वार चुकला, पण तो डॉक्टरांचाही चुकला होता, हे नर्सबाईंनी दाखवून दिले. दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा धाक नाही आणि मला कोणी काही पाजलेले नाही. मी घेत नाही, हे तालुक्याला माहीत आहे.

एवढ्या लवकर मृत्युपत्र कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण दवाखान्यातच घडले. डॉक्टरांनी मला डोळे मिटून पडायला सांगितले होते. मी पडलो. माझा मुलगा तुषार आणि मुलगी रविना यांना वाटले, बाबा शुद्धीवर नाही. मग खाटेच्या दोन बाजूंनी जे बोलणे झाले ते असे:

"रस्त्याकडची खोली मला पायजे," तुषार म्हणाला. "चायनीज टाकतो. धबधब्याला जानाऱ्या सगळ्या गाड्या तिथनंच जातात."

"ती खोली बाबानं मला कबूल केलीय. मी ठाण्याला जाऊन गोंदायचं शिकून आलेय. मशीन घेतलंय. ते काय डोक्यावर घेऊन फिरू?"

"परक्या मानसांचे हात धरून बसनार तू? लोक काय म्हनतील?"

"तुझ्या दंडावरचा गरुड कोणी काढला? हात न धरता?"

"तो टॅटू हाय. आनि तो बाप्या मानसानं काढलाय."

"गरुड हाय तो?" त्यांची आई चैती पायथ्याशी बसली होती, ती म्हणाली. "मी आजवर कोंबडी समजत होते."

मला हसू आले आणि टाके ताणले. मी कण्हलो, तेव्हा तिघेही "बाबा, बाबा" करत धावले. त्याच क्षणी मी ठरवले की माझ्यामागे ही दोन पोरे एका खोलीवरून आयुष्यभर अबोला धरतील, तर त्याचा निकाल मी जिवंतपणीच लावून ठेवावा. एक खुलासा करतो. मी रविनाला खोली कबूल केली नव्हती. मी "बघू" म्हटले होते. माझ्या "बघू"चा अर्थ ती लहानपणापासून "हो" असाच घेत आली आहे.

कलम १. राहते घर चैतीचे, ती असेपर्यंत. त्यानंतर दोन्ही मुलांचे. घरात कोण कुठे बसेल, चुलीजवळ कोण जाईल, हे आताही तीच ठरवते, त्यामुळे या कलमाने नवीन काही होत नाही. पोस्टातले पैसेही तिचेच. त्यावर कोणी तिला हिशेब विचारू नये. मी कधी विचारला नाही, आणि म्हणूनच ते साठले.

कलम २. डोंगरउताराची वरकस जमीन आणि खालचे भाताचे खाचर दोघांत सारखे. उतारावर नाचणीच लावावी. तिथे काजू लावा असे सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा द्यावा आणि नाचणी लावावी.

कलम ३. गिरणी, मोटर, दोन्ही दगड आणि दगडाला टाकी लावायची छिन्नी तुषारला. सूचना अशी की, नैवेद्याचे दळण कोणी आणले तर त्याला रांगेत ठेवू नये. आणि पट्टा वेळेवर बदलावा. मी बदलला नाही, त्याचे फळ वर लिहिले आहे.

कलम ४. माझे सर्व पूर्ण बाह्यांचे सदरे नाचणीच्या शेतातल्या बुजगावण्याला द्यावेत. ते तुषारला होणार नाहीत आणि दुसऱ्या कोणाला मला द्यायचे नाहीत, कारण ते सदरे मी हौसेने घातलेले नाहीत.

मी लहान असताना फागीआजी नावाची गोंदणारीण आमच्या पाड्यांवर फिरत असे. सूपभर नाचणी घेई आणि गाणे म्हणत सुई टोचत असे. गाणे मोठ्याने म्हणे, म्हणजे पोराचे रडणे शेजारी ऐकू जाऊ नये. तिने माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत रामनाम, तुळस आणि मारुती गोंदला. पाड्यावर त्या हाताचे कौतुक झाले. मग मला शाळेसाठी बाहेरगावी ठेवले. तिथे गुरुजींनी माझा हात वर धरून साऱ्या वर्गाला दाखवला आणि विचारले, "हा हात आहे का देवळाची भिंत?" वर्ग हसला. त्या दिवसापासून मी बाह्या खाली केल्या.

पुढे बोईसरला एका कारखान्यात कामाला लागलो. तिथला मुकादम म्हणाला, "बाही नीचे कर, साहब को गुंडा लगेगा।" मारुतीला गुंडा म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी ते काम सोडले आणि गावी गिरणी टाकली. धंदा निवडताना लोक नफा बघतात. मी पीठ बघितले. गिरणीत उभ्या राहिलेल्या माणसाचा हात कोपरापर्यंत पांढरा असतो आणि त्याखाली काय आहे ते कोणी विचारत नाही.

दोनतीन वर्षांपूर्वी धबधब्याची वाट विचारायला एक शहरातली मुलगी गिरणीत आली. मी नुकतेच हात धुतले होते. ती हाताकडे बघतच राहिली.

"काका, हे ओरिजिनल आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच टोचलेलं?"

"मग काय, शिमग्याचं?"

"कोणाकडे केलंत? नंबर द्या ना त्यांचा."

"फागीआजी देवाघरी गेली. तिथं रेंज लागत नाही."

ती म्हणाली, "किती नशीबवान आहात तुम्ही." ती थट्टा करते आहे का, हे मी नीट निरखून पाहिले. ती थट्टा करत नव्हती. तिने हाताचा फोटो काढला आणि गेली. त्या दिवशी कोणाच्या तरी नाचणीत गहू मिसळला गेला, कारण माझे दळणाकडे लक्ष नव्हते. ज्याची नाचणी असेल त्याने माफ करावे.

कलम ५. माझा उजवा हात, मनगट ते कोपर, मी कोणालाही देत नाही. तो सोबत नेणार आहे. माझी आई सुकी म्हणत असे, "सोनं काढून घेतात, लुगडं जळतं, गोंदन तेवढं संगती येतं." देवाच्या दारात कोण आलास म्हणून विचारले, तर आधार कार्ड घरीच राहिलेले असेल. म्हणून मला शेवटचे नेताना त्या हातावर कापड, हार, गुलाल काही टाकू नये. नाव वाचता आले पाहिजे.

कलम ६. चुलतभाऊ बारक्या यास मी काहीही देत नाही. त्याचे कारण दुहेरी आहे. एक, ज्याला काही मिळते त्याने मृत्युपत्रावर साक्षीदार होऊ नये, असे दस्त लिहिणारे रघुभाऊ सांगतात, आणि बारक्या साक्षीदार हवा आहे. दोन, तो माझ्याच शाळेत होता आणि वर्गात त्या दिवशी सर्वांत जास्त वेळ तोच हसला होता. फागीआजी आली की हा कणगीत लपून बसे, म्हणून याचा हात कोरा राहिला, आणि कोऱ्या हाताने तो माझ्या हाताकडे बोट दाखवून हसला. त्यावर मी त्याला मारलेही, पण उजव्या हातावर रामनाम असल्याने डाव्या हाताने मारले. ते त्याला लागले नाही. आता पन्नाशीच्या दारात याने नाशिकच्या जत्रेत छातीवर वाघ गोंदवून घेतला आहे आणि सदऱ्याची वरची तीन बटणे उघडी टाकून हिंडतो. वाघाचा एक डोळा मोठा झाला आहे. रविना तो दुरुस्त करून देईल का, असे तो मला विचारतो. त्याने तिलाच विचारावे, आणि मान खाली घालून विचारावे.

कलम ७. रस्त्याकडची खोली, जिथे आज नाचणीची पोती आहेत, ती मी रविनाला गोंदण्याच्या धंद्यासाठी देतो. तुषारला याचे वाईट वाटेल म्हणून कारण लिहितो.

तुषारच्या लग्नाच्या वेळी सूनबाई चंदना हिचे मामा मोखाड्याहून आले. कचेरीत कारकून आहेत, माणूस वाईट नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "विहीणबाईंच्या कपाळावरचं अन् हनुवटीवरचं ते हिरवं जरा झाकता आलं तर बघा. फोटोत बरं दिसत नाही." चैतीला पावडर लावली. नाचणीच्या भाकरीवर तांदळाचे पीठ भुरभुरावे तशी ती दिसू लागली.

इकडे माझ्या आईने वेगळाच पण केला. आमच्यात जुन्या बायका गोंदण नसलेल्या सुनेच्या हातचे पाणी घेत नाहीत. आई म्हणाली, "कोऱ्या हातचं पानी मी पिनार नाय. गंगेचं असलं तरी नाय." चंदना नाशिकला शिकलेली, हात कोरा. फागीआजी नाही, दुसरी कोणी गोंदणारीण नाही, आणि लग्न उद्यावर. तेव्हा रविनाने शाळेच्या दप्तरातले बॉलपेन काढले आणि चंदनाच्या दोन्ही हातांवर फागीआजीच्या नमुन्यांसारखे गोंदण रेखाटले. मला ते कळले तेव्हा मी देवाची क्षमा मागितली आणि गप्प बसलो.

तर असे झाले, की एकाच मांडवात खरे गोंदण पावडरखाली आणि खोटे गोंदण उघड्यावर. आणि महिना मे.

चंदना आईला पाण्याचा तांब्या द्यायला वाकली. घामाने शाई उतरली आणि तांब्यावर निळी बोटे उमटली. आईने वर पाहिले, तर समोर चैतीच्या हनुवटीवरून पावडर ओघळत होती.

"चैते, तुझं कोनी पुसलं? आनि हिचं कोनी काढलं?"

मामा मांडवाच्या पताका मोजू लागले.

"आजी, मी काढलं," रविना म्हणाली.

आईने चंदनाचे मनगट धरून उजेडात फिरवले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "रेघ सरळ हाय. तुळशीचं पान बराबर हाय. पन शाई दगाबाज. पोरी, सुई धर." एवढे बोलून ते पाणी प्यायली. आणि तांब्या मामांपुढे केला. "तुमी बी प्या पाव्हनं. लई घाम आलाय तुमाला."

आज त्याच मामांची धाकटी मुलगी चैतीच्या हनुवटीचा फोटो मागवते. तिला तसेच काढून हवे आहे.

मी या बदलाने हुरळलेलो नाही. लोकांचे मन फिरते, कातडी तीच राहते. आज जे फोटो काढतात ते उद्या पुन्हा नाक मुरडतील, आणि तेव्हा कोणी तरी पुन्हा बाह्या खाली करील. म्हणून खोली देतो ती हल्ली गोंदणाला मान आला आहे यासाठी नव्हे. रविनाची रेघ सरळ आहे यासाठी देतो. लोक काय म्हणतील याचे उत्तर असे, की ते माझ्या हाताला काय काय म्हणाले हे वर लिहिले आहेच, आणि हात अजून जागेवर आहे. तिचे लग्न कसे होईल, असे तुषार विचारतो. ज्याला तिच्या कामाची लाज वाटेल तो चाळणीत वरच राहील. चाळण घरचीच आहे.

अटी: प्यायलेल्याला गोंदू नये. देवाचे चित्र कमरेखाली काढू नये. प्रेमातल्या माणसाला एक रात्र झोपून ये म्हणावे. आणि कोणी म्हातारी सुपात नाचणी घेऊन आली, तर तिच्याकडे पैसे मागू नयेत.

कलम ८. वरील सर्व लिहून मी काल रघुभाऊंकडून तपासून घेतले आणि घरात सर्वांना वाचून दाखवले. रघुभाऊ म्हणाले, "हे सगळं तुमच्या पश्चात लागू होईल."

रविना म्हणाली, "म्हंजे बाबा, मी काय तू मरायची वाट बघत बसू?"

या प्रश्नावर मी रात्री विचार केला. म्हणून आज सकाळी आंघोळ, पूजा आटोपून मी खोलीतली पोती बाहेर काढायला घेतली. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हटले आहे, तरी घेतली. रविना पोत्याच्या दुसऱ्या टोकाला आली. तुषार दारात हाताची घडी घालून उभा राहिला. एक पोते आमच्याने उचलेना, म्हणून ती ते ओढू लागली.

"तसं ओढू नको. फाटंल." तुषार म्हणाला.

"मग उचल."

त्याने वाकून पोते खांद्यावर घेतले, आणि मग सगळीच त्याने नेली. शेवटचे ठेवून आला तेव्हा रिकामी खोली आणि बाहेरचे अंगण, दोन्ही बघत कपाळ पुसत होता.

"सुई टोचून घेतल्यावर मानसाला भूक लागते, नाय?" त्याने हळूच विचारले.

"चक्कर पन येते," रविना म्हणाली. "गोड काय तरी ठेव."

सबब कलम ७ रद्द समजावे. ती खोली मृत्युपत्रात देता येत नाही, कारण ती आता माझी राहिलेली नाही. कागदोपत्री बक्षीसपत्र रघुभाऊ सोमवारी करतील. अंगणात तुषारची चायनीजची गाडी लागेल. बाकीची कलमे मी गेल्यावर अमलात आणावीत. घाई नाही.

सही: पांड्या नवशा भोये

साक्षीदार:
१. बारक्या लखमा भोये, साखरशेत (सही)
२. तुळशी काशिनाथ गावित, जामसर (सही)

ठिकाण: साखरशेत, तालुका जव्हार
दिनांक: १३ डिसेंबर २०२५