झेननने हात दाबला नव्हता

८ मार्च १९९४, मंगळवार

झेनन दुकानात आला! तीन दुकानं काढली मी, अकरा वर्षं झाली, पण धाकट्या भावाने एकाचीही पायरी चढली नव्हती. मान वळत नाही त्याची, म्हणून अख्खा वळून वळून गाद्या बघत होता. म्हणाला, "लेस्याला रिंगमध्ये उतरायचंय. ऐकायला तयार नाही पोरगी. हावरिलकांचं रक्त, दुसरं काय! तूच शिकव तिला."

मी हो म्हणायच्या आत पुढे — "आणि आधी हात दाबायचं शिकव. बापाची चूक तिने करायला नको."

मी मान हलवली. माझी हलते ना!

९ मार्च

दिवसभर बिलांच्या बेरजा चुकवल्या. बायको विचारते, पित्त झालंय का.

१० मार्च

लिहूनच टाकतो एकदाचं.

आमच्या कुस्तीत कोण जिंकणार ते आधीच ठरतं. लोक नाटकी म्हणतात. म्हणोत! निकाल नाटकी, खालची फळी खरी. म्हणून बाबांनी आम्हा दोघांना चालता यायच्या आधी एक नियम शिकवला — ज्याला डोक्यावर उचलून उलटा आपटायचा, त्याने तुझा हात दाबल्याशिवाय उचलायचं नाही. दाबला म्हणजे 'मी तयार आहे'.

अकरा वर्षांपूर्वी माझी आणि झेननची लढत होती, त्या दिवशी पहिल्या रांगेत गादी कारखान्याचा मालक बसला होता. जाहिरातीसाठी पैलवान शोधत होता. मला चमकायचं होतं. झेननला धाप लागली होती, हात सैल होता. मी उचलला. आपटला.

इस्पितळात बाबांनी विचारलं, "दाबला होता?" मी म्हणालो, "दाबला होता."

झेननला त्या लढतीतलं काहीच आठवत नाही. त्याने माझा शब्द खरा धरला. तयार नसताना हात दाबणारा — आमच्यात याहून हलका माणूस नाही. बाबांनी तालमीच्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरवला. तो शाळेत झाडलोट करतो. आणि मी टीव्हीवर ओरडतो, "पडायचंय? हावरिलकच्या गादीवर पडा!" सगळं विनिपेग शहर हसतं. लाज वाटते. लाज वाटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान उघडतो.

१५ मार्च

लेस्याचा पहिला धडा. एकोणीस वर्षांची, खांदे थेट आजोबांचे. हात असा दाबते की बोटं मोडावीत. म्हटलं, "अगं, हळू! इशारा आहे, सूड नाही." खिदळली. मग एकदम म्हणाली, "काका, पप्पा अजून दर ईस्टरला आजोबांची माफी मागतात. आजोबा नुसतं 'जेव' म्हणतात."

धडा अर्धाच सोडला. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. सेहेचाळीस वर्षांचा घोडा!

१९ मार्च

बाबांकडे गेलो. आधी बाबा, मग झेनन — सोपं ते आधी, असा भ्याड विचार. ते बीटाचं सार पीत होते. सगळं सांगितलं. चमचा थांबला नाही.

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"रिंगच्या कडेलाच उभा होतो की मी. त्याचा हात दिसत होता मला. उघडा होता."

"मग मला विचारलंत कशाला?"

"तू काय म्हणतोस ते बघायला." पाव मोडला त्यांनी. "त्याची मान तर गेलीच होती. तुझं नावही घालवू? एक तरी हावरिलक भिंतीवर राहायला हवा होता. सार घेतोस?"

घेतलं! मुकाट बसून वाटीभर सार प्यायलो मी.

२० मार्च, रविवार

चर्चबाहेर बर्फात, झेननच्या गाडीला टेकून सांगितलं. माझं तेवढंच. बाबांचं सांगायला जीभ रेटली नाही.

तो स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. "म्हणजे मी नव्हता दाबला?"

"नाही."

"नक्की?"

तीनदा विचारलं. मला वाटलं, मारेल. मारावं असंही वाटलं. पण नाही. "लेस्या वाट बघत असेल," म्हणाला आणि गाडी काढून गेला.

२१ मार्च

झेननचा फोन. आवाज पार बसलेला. लेस्या दुसरीकडे शिकेल, म्हणाला. बरोबरच आहे. मग म्हणाला — "मायरन, एक ऐकशील? बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. अकरा वर्षं मला उगाच दोष दिला, हे कळलं तर म्हातारा खचेल रे."

"नाही सांगत," मी म्हणालो.