भोगीची गाजरं

७ ऑक्टोबर १९७९, रविवार
आजपासून शेती. ही वही त्यासाठीच आणली आहे. पुढंमागं कुणाला मार्गदर्शन हवं असेल तर उपयोगी पडेल, पण तूर्त कुणाला दाखवायची नाही.

हकीकत अशी. सोसायटीला सिमेंटचं परमिट मिळेना, त्यामुळे मखमलाबाद रस्त्यावरचे आमचे प्लॉट पडून आहेत. चेअरमन म्हणाले, तोवर ज्यानं त्यानं आपापल्या जागेत भाजीपाला लावा, नाहीतर लोक कचरा टाकतात. बाकीचे मेंबर हसले. मी हसलो नाही.

सासरे पुंजाराम चांदवडला असतात. विहिरीखालची त्यांची दोन एकर कसायला घरात माणूस उरलेला नाही. दसऱ्याला त्यांना म्हणालो, मामा, ही कारकुनी सोडतो आणि येतो, जमीन माझ्याकडे द्या. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, जावईबापू, औंदाच्या भोगीला तुमच्या हातची भाजी खाऊ घाला, मंग बोलू. अट एकच. सगळं मी करायचं, मालननं हात लावायचा नाय. मालन म्हणजे आमची सौ.

भोगीची भाजी म्हणजे वांगी, गाजर, घेवडा, हरभरा. यात अवघड काय आहे? शेतकरी लोक उगाच बाऊ करतात.

सौ.ला सगळी स्कीम समजावून सांगितली. ती म्हणाली, तुमच्या ऑफिसातले वाळूभाऊजी हेडक्लार्कच्या परीक्षेला बसताहेत, तुम्हीही बसा. शेतकऱ्याची मुलगी असून असं बोलते. नवल वाटलं.

१४ ऑक्टोबर, रविवार
खणलं. जमीन फार कडक. दोन्ही हातांना फोड. दुपारपर्यंत एक वाफा झाला, तोही जरा तिरपा. पाणी उताराला आपोआप जाईल, म्हणून तिरपा बरा.

शेजारी गोजराबाईचा मळा आहे. तिनं विहिरीवरून बादलीनं पाणी न्यायला परवानगी दिली. तिच्या शेळ्या फार मोकळ्या असतात, याबद्दल तिला सौम्य शब्दांत बोललो. ती म्हणाली, शेरडाला काय वाचता येतं का भाऊ, पाटी लावून.

पाटी मी लावलीच होती.

१५ ऑक्टोबर
अंग दुखतं म्हणून रजा. रजेत ‘भाजीपाला लागवड’ ही पुस्तिका वाचली. थिअरी पक्की झाली. निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

१७ ऑक्टोबर
पहाटे बी टाकलं. गाजराचं बी फारच बारीक. वाऱ्यानं थोडं उडालं, थोडं माझ्या शर्टाच्या खिशात गेलं. उरलेलं टाकलं. घेवडा आणि हरभरा टोकला. पंचवटीच्या बाजारातून वांग्याचं रोप आणून लावलं. रोपवाला म्हणाला, लय उशीर केला राव. मी म्हणालो, आमची पद्धत वेगळी आहे.

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. उगवलं! सगळीकडं हिरवं. गाजराच्या वाफ्यात तर इतकं दाट की माती दिसत नाही. ऑफिसात सांगितलं. हेडक्लार्कसाहेब रिटायर व्हायला टेकलेत. त्यांनी विचारलं, परीक्षेचं काय? मी म्हणालो, साहेब, आता आपला रस्ता निराळा. ते चष्म्यावरून बघत राहिले. हेवा वाटला असणार.

४ नोव्हेंबर, रविवार
आज निंदणी. पुस्तिकेत लिहिलंय की तण वेळीच काढलं नाही तर पीक हातचं गेलं.

गाजराच्या वाफ्यात दोन प्रकारची रोपं होती. एक किरकोळ, केसासारखं बारीक, वाऱ्यानं लोळणारं. दुसरं कसं मजबूत, रुंद कातरलेल्या पानांचं, जमिनीला धरून बसलेलं. कुठलं तण आणि कुठलं गाजर, हे सांगायला पुस्तिका लागत नाही. किरकोळ सगळं उपटून बांधावर टाकलं. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली पण वाफा कसा आरशासारखा झाला.

मजा म्हणजे त्या तणालाही गाजरासारखा वास येत होता. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

अंधार पडायच्या आत सौ. चहा घेऊन आली. बांधावरच्या ढिगातलं एक तण उचललं, चुरगळून वास घेतला. माझ्याकडं बघितलं. वाफ्याकडं बघितलं. मग विचारलं, सगळं निंदून झालं का. मी म्हणालो, एक काडी ठेवली नाही. ती म्हणाली, बरं झालं. तिच्या तोंडून कामाचं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं. फार बरं वाटलं.

११ नोव्हेंबर
परीक्षा आज झाली. वाळू बसला. मी वाफ्यावर होतो. सौ. सकाळी दोनदा म्हणाली की अजून वेळ आहे, सायकलनं पोचाल. मी तिला म्हणालो, तुझं माहेर आता आपलं घर होणार, आणि तू कारकुनाची बायको राहायचं म्हणतेस. तिनं भांडी जरा जोरात घासली.

१९ नोव्हेंबर
वांग्याला कीड. शेंडे माना टाकताहेत. वाळूचं मत, किडके शेंडे खुडून टाक. वाळूला काय कळतं. कीड मारायची पावडर आणली आणि पुडीवर लिहिलंय त्याच्या दुप्पट टाकली. एकदाच काय तो बंदोबस्त.

२२ नोव्हेंबर
कीड गेली. वांगीही गेली.

असो. वांगी नाशकात कुठंही मिळतात. भाजीचा खरा रंग गाजरानं येतो.

२ डिसेंबर, रविवार
घात झाला. गोजराबाईच्या शेळ्यांनी घेवडा साफ केला. हरभरा शाळेतून येणाऱ्या पोरांनी उपटून नेला, शेळ्यांनी उरलेला संपवला. मी पोचलो तेव्हा एक शेळी माझ्या पाटीला पाठ खाजवत होती.

पण गाजरांना त्यांनी तोंडही लावलं नाही. एक पान कुरतडलेलं नाही. मी वाफ्याभोवती दोनदा फिरून पाहिलं. गोजराबाई आली, म्हणाली, भाऊ, ह्यात शेरडं तोंड घालायची नाय, आन हे तुमी... पुढं काहीतरी बोलणार होती, पण सौ.नं तिचा हात धरून तिला विहिरीकडं नेलं. दोघी बराच वेळ तिथं उभ्या होत्या. गोजराबाईनं पदर तोंडाला लावला होता. बायकांना एकदा गप्पा लागल्या की संपलं.

विचार करता, चार भाज्या लावणं हीच चूक होती. आता गाजर, फक्त गाजर. चांदवडलाही दोन एकर गाजरच करीन. लोक कांद्याच्या मागं लागलेत, त्यांना दृष्टी नाही.

१० डिसेंबर
हातांना, मानेला खाज सुटते. लाल पुरळ उठलंय. साबण बदलला.

१४ डिसेंबर
खाज वाढली. डॉक्टरकडं गेलो. त्यांनी विचारलं, गवतात वगैरे जाता का? मी सांगितलं, डॉक्टर, माझ्या वाफ्यात तण औषधालाही सापडायचं नाही. त्यांनी मलम दिलं. सौ. रात्री मलम लावून देते. लावताना म्हणाली, नका ना जाऊ काही दिवस तिकडं. तिचा स्वर नेहमीचा नव्हता. मी म्हणालो, मातीत राबणाऱ्याला असं होतंच. तिनं मलमाचं झाकण लावलं.

२१ डिसेंबर
गाजरांना फुलं आली! बारीक पांढरी फुलं, झुपक्यानं. पुस्तिकेत लिहिलंय की गाजराला दुसऱ्या वर्षी फुलं येतात. माझ्या गाजरांना पहिल्याच वर्षी. गुडघ्याच्या वर गेलीत. वाळूला सायकलवर डबलसीट नेऊन दाखवलं. तो म्हणाला, एक उपटून तरी बघ. मी ठाम नकार दिला. पहिलं गाजर मामांच्या हातानं निघणार, हे ठरलंय.

वाळू परत जाताना सारखा मान खाजवत होता. त्यालाही खाज सुटली म्हणे.

३० डिसेंबर, रविवार
इलेक्शन ड्यूटी लागली. घोटीच्या पलीकडं कुठंतरी. नेमकी या वेळी. सौ.ला म्हणालो, पाणी घालण्यात अट मोडत नाही, तेवढं घाल. तिनं तोंडातल्या तोंडात विचारलं, किती घालू? भरपूर, म्हणालो.

८ जानेवारी १९८०
ड्यूटीवरून परत. आधी वाफ्यावर गेलो, मग घरी. काय ही वाढ! कमरेला लागतात. सौ.नं रोज पाणी घातलं म्हणे, न चुकता. तिचे हात बघितले, तिलाही पुरळ. जीव भरून आला. इतकं कोण करतं.

माती जरा उकरून पाहिली. मूळ पांढरट आणि बारीक दिसलं. विलायती जात असावी.

मामांना निरोप पाठवला. रविवारी भोगी, जेवायलाच या.

१२ जानेवारी, शनिवार
उद्या. साहेबांना आज सांगून टाकलं की मार्चनंतर मला धरू नका. त्यांनी विचारलं, घरी विचारलंत का? माझं घर माझ्या पाठीशी आहे, म्हणालो.

सौ.नं बाजरी दळून आणली, तीळ निवडले. मी म्हणालो, भाजीची काळजी करू नकोस. ती म्हणाली, नाही करत.

१३ जानेवारी, भोगी
लिहायचं नव्हतं. लिहितो.

मामा पहिल्या एस.टी.नं आले. हातात पिशवी, वर फडकं बांधलेलं. चहा न घेता आम्ही प्लॉटवर गेलो. सौ.ही आली. गोजराबाई तिच्या बांधावर येऊन उभी राहिली, तिला कुणी बोलावलं नव्हतं.

मी म्हणालो, मामा, उपटा. मामांनी वाफ्याकडं पाहिलं. नंतर माझ्याकडं. मग खांद्यावरचं उपरणं हाताला गुंडाळून उकिडवे बसले आणि एक उपटलं. खाली उंदराच्या शेपटीएवढं मूळ. ते म्हणाले, जावईबापू, हे गाजर गवत हाय.

मला वाटलं, ही गाजराची एक जात असेल. विचारलंही तसं. ते म्हणाले, जात नाय. गवत. आमी मजूर लावून उपटतो, तुमी पाणी घातलं. मग जरा थांबून म्हणाले, पन लय जोमात आनलंय.

ते चांगल्या मनानं म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

आणखी एक उपटलं. मग आणखी एक. सगळ्यांखाली तेच. मामा उठले आणि सौ.ला म्हणाले, मालन, तुला कळलं नाय व्हय? सौ. म्हणाली, कळलं होतं. कधी? निंदलं त्या दिवशीच. खरी गाजरं बांधावर पडली होती.

मामा विहिरीवर जाऊन हात धुवत राहिले.

घरी आल्यावर पिशवी सोडली. वांगी, घेवडा, हरभरा, बोरं, उसाची कांडकी. आणि गाजरं, लालभडक, अंगठ्याएवढी जाड. सौ.नंच आणायला सांगितली होती. भाजी फार छान झाली होती. तिळाची भाकरी, लोणी. मी दोनदा मागून घेतली, याची आता लाज वाटते. जमिनीचा विषय कुणी काढला नाही. मामा चारच्या गाडीनं गेले.

संध्याकाळी तिला विचारलं, का नाही सांगितलंस? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, तुमची गाजरं आली असती तर मला चांदवडला परत जावं लागलं असतं. लहानपणापासून त्या विहिरीखाली वाकून मान मोडली. आपल्या पोरांना तिथं शाळा नीट नाही. तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. मी म्हणालो, तू तरी बोलायचंस. ती म्हणाली, दसऱ्यापासून बोलतेय. मग म्हणाली, तुमच्या अंगावर उठलं तेव्हा सांगणार होते, धीर झाला नाही.

वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. मलमाची डबी फडताळात होती. आज तिनं लावून दिलं नाही, मी म्हणालोही नाही. नंतर मीच तिच्या हातांना लावलं.

१८ जानेवारी
परीक्षेचा रिझल्ट. वाळू पास. एक तारखेपासून तो हेडक्लार्क. खिडकीजवळचं टेबल त्याचं. त्यानं पेढे दिले आणि विचारलं, गाजरं कशी निघाली? मी म्हणालो, हवामान मानवलं नाही.

साहेबांना जाऊन सांगितलं की मार्चनंतरही मला धरा. ते म्हणाले, धरलेलंच होतं.

सोसायटीची नोटीस आली. प्लॉट नंबर सतरावरच्या गवतामुळे आसपासच्या लोकांना खाज सुटते, मेंबरनं ते ताबडतोब काढावं. प्लॉट नंबर सतरा माझा.

२० जानेवारी, रविवार
सौ. आणि मी वाफा साफ करायला गेलो. हातांना फडकी बांधून. तिचा हात फार चटचट चालतो. मी बांधाच्या कडेनं लागलो. काम अवघड नव्हतं, समोर दिसेल ते उपटायचं. कोपऱ्यात एक किरकोळ, केसासारख्या बारीक पानांचं काहीतरी उभं होतं, निंदणीत नजरचुकीनं राहिलेलं. तेही न बघता उपटलं आणि मागं ढिगावर फेकलं. आता तण ठेवायचं नाही म्हणजे नाही.

गोजराबाईची शेळी आली. सगळा ढीग हुंगला, नाक फेंदारलं, सगळं सोडलं. मग त्यातून तेवढं एक बारीक पानांचं ओढून काढलं आणि मुळासकट खाऊन टाकलं. मुळाशी काहीतरी लाल होतं. बोटाएवढं.

सौ. खुरपं थांबवून बघत होती. म्हणाली, ते एक गाजर होतं.

मी म्हणालो, असेल. आणि पुढचं गवत उपटायला लागलो.