सायप्रसला आळं

अण्णा, तुमचं खुरपं अजून माझ्याकडे आहे. ॲडलेडच्या एअरपोर्टवर कस्टम्सवाल्याने ते उलटसुलट करून बघितलं होतं, मातीचा कण तरी सापडतोय का म्हणून. सापडतोय कुठला! मी ते आधीच टूथब्रशने घासून आणलेलं. आता दर शनिवारी ते घेऊन मी तळ्यावर जाते, मॉसन लेक्सच्या आमच्या घरापासून तासाभरावर. तिथे काठाने पूर्वी सायप्रसचं, म्हणजे सुरूसारख्या दिसणाऱ्या इथल्या झाडांचं, जंगल होतं, कुंपणाच्या खांबांसाठी तोडून तोडून संपवलं लोकांनी. आम्ही पंधरा-वीस जण ते पुन्हा लावतोय. आणि ते उभं राहणार, लिहून ठेवा.

पहिल्या वर्षी मात्र मी माती खाल्ली. बाकीचे खड्डा, रोप, माती, चला पुढे, असे सरसर चालले होते. मी प्रत्येक रोपाभोवती पाणी धरायला गोल आळं करत बसले, कडा थापून थापून. पुण्याच्या नर्सरीत तुमच्या हाताखाली वाढलेली ना मी! इथे पाऊस थंडीत पडतो. काठची चिकण माती, त्यात माझं आळं. पाणी महिनाभर हललं नाही. शेजारच्या रांगा हिरव्यागार, माझी अख्खी रांग कुजली.

आमची लीडर रिटायर्ड नर्स आहे. तिने एवढंच विचारलं, असं का केलंस? आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं, "माय डॅड टॉट मी." ती म्हणाली, "नो वरीज, लव्ह." पण तेव्हापासून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा बजावतात, "नो डॅड्स बोल्स, प्लीज!" म्हणजे बाबांची ती वाडग्यासारखी आळी नकोत. सगळे हसतात. मीही हसते, अण्णा.

खरं काय ते मला चांगलं ठाऊक आहे. मी दहा वर्षांची. नर्सरीच्या सखल कोपऱ्यात मी असंच आळं केलंय आणि तुम्ही ते चपलेने मोडताय, माळ्यांच्या देखत. "पाणी कुठे जातंय बघितलंस? डोळे आहेत ना? अशा जागी आळं नसतं करायचं. उंचवटा कर, त्यावर लाव." मी मुसमुसत बसले, तेव्हा हेच खुरपं तुम्ही माझ्या हातात दिलंत.

दुसऱ्या वर्षी मी निमूट उंचवटे केले. थंडी गेली, उन्हाळा गेला. परवा पाहिलं, बाकीच्या रांगांत मधेमधे रोपं गेलीत, माझं मात्र एकूण एक रोप जगलंय! मला इतका आनंद झाला की तिथेच चिखलात बसले. लीडर म्हणाली, यंदा सगळे तुझ्याच पद्धतीने लावणार. कुठे शिकलीस?

तुमचं नाव घेतलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. मी म्हटलं, "यूट्यूब."

तुम्ही गेलात तिथे हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं असतं का, कोण जाणे. लेकही त्या दिवशी बरोबर होती; खुरप्याची गोष्ट तिने माझ्याकडून ऐकलेली. घरी येताना कारमध्ये ती म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज आजोबा, नॉट यूट्यूब, राइट?" मी रेडिओचा आवाज वाढवला.