ओ. व्हेस्टर आणि माझे दहा अल्बम

५ जानेवारी, सोमवार
पत्र आलं! डुलूथच्या आमच्या कम्युनिटी रेडिओवर ‘श्रोत्याचे दहा अल्बम’ हा तास मला मिळाला. शनिवारी, २४ तारखेला. मॅनेजर ट्रूडी म्हणते, तास रंगला तर रविवार सकाळचा स्लॉट कायमचा. कायमचा! तीस वर्षं पोस्टात पाकिटं निवडली, आता कुठे खरं काम मिळतंय. निश्चय: यादी आजच पूर्ण.

संध्याकाळ. यादीत सत्तेचाळीस अल्बम झाले. डार्लीन म्हणाली, अर्विड, दहा म्हणजे दोन हातांची बोटं, मोजून बघ. बायकोला मोजणं येतं, तोलणं येत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार, सकाळी ८
जाझमध्ये ‘रस्टी अँकर फाइव्ह’. तो ट्रंपेट ऐकून ज्याच्या अंगावर काटा येत नाही, त्याला कातडीच नाही.

८.३०. काढला.

८.४०. परत घातला. मेटलमध्ये ‘ग्रेव्ह सॉल्ट’. गावाकडच्या कंट्री गाण्यांचा एकच. पोल्का, ती ॲकॉर्डियनवरची नाचाची गाणी, अजिबात नको. पोल्का म्हणजे संगीत नव्हे, गुडघ्यांचं दुखणं आहे. आमच्या मिनेसोटात सगळे पोल्कावेडे, इथे हे बोलायला छाती लागते. डार्लीन काहीतरी सुचवायला आली होती. मी म्हटलं, आत्ता नको, तंद्री मोडते.

१३ जानेवारी, मंगळवार
पहिला नंबर ठरलेलाच: ओ. व्हेस्टर. वीस वर्षांपूर्वी चर्चच्या जुन्या सामानात मिळाला. पाकिटावर फक्त एक होडी. मी त्याला ओटो म्हणतो. काय तो आवाज! खोल, जड, मरणाचा संथ. बायको वारली असणार बिचाऱ्याची. त्याच्याबद्दल कुठेच काही छापलेलं सापडत नाही, म्हणजे माणूस थोरच. त्याच्यावर तीन पानं लिहिली, लिहिताना डोळे भरून आले.

डार्लीन स्वयंपाकघरातून ओरडली, तो गातोय की म्हैस वितेय?

१७ जानेवारी, शनिवार
दारातला बर्फ उपसायचा राहिला. घरभर येरझारा चालू आहेत. यादी नऊवर आली, मग अकरावर. झोप नाही, भूक नाही. डार्लीन गाडी चालवेल आणि रेकॉर्डचे खोके उचलेल असं ठरलं. तिलाही सहभाग मिळायला हवा.

२४ जानेवारी, शनिवार, दुपार
स्टुडिओतलं मशीन बिघडलं होतं. एवढंच लिहिणार.

तासाभराने. बरं, लिहितो. ओटोवरची तिन्ही पानं वाचली. आवाज मुद्दाम कापरा ठेवला होता. ट्रूडीने रेकॉर्ड लावली आणि आतून ॲकॉर्डियन उड्या मारत बाहेर आला! वर एक बाई खिदळत गातेय. मी माइकवरच ओरडलो, बंद करा, वेग चुकलाय! ट्रूडी शांतपणे म्हणाली, अर्विड, लेबलवर लिहिलंय, मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवा, तुम्ही घरी हळू लावत असाल. ओल्गा व्हेस्टर. पोल्का आहे हा.

मोठी रेकॉर्ड तेहतीस फेऱ्यांवरच लावायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शिवाय लेबल कोण वाचतं? खरा रसिक कानांनी वाचतो.

डार्लीन खुर्चीत मागे कोसळून हसत होती. माइक चालूच. ट्रूडीने तिला पुढे ओढलं. डार्लीन म्हणाली, अहो, वीस वर्षं आमच्याकडे या बाईचं सुतक चाललंय! ही लागली की चमचा वाजवायची चोरी! मग अर्धा तास तीच बोलली. फोनवर फोन. लोकांना माझा विषय भिडला, हे मात्र मान्य करावं लागेल.

२६ जानेवारी, सोमवार
ट्रूडीचा फोन. रविवारचा स्लॉट पक्का! मी लगेच हो म्हणालो. ती म्हणाली, छान, आता डार्लीनला फोन द्या.

२८ जानेवारी, बुधवार
माझं काही म्हणणं नाही. डार्लीनला अनुभव नाही, मागे कोणीतरी जाणता लागेलच. तिच्यासाठी बावीस पानांच्या सूचना तयार केल्या.

१ फेब्रुवारी, रविवार, सकाळी १०
ती एकटीच गेली. सूचना टेबलावर आहेत, वर कॉफीचा कप.

१०.२०. डार्लीन रेडिओवर अगदी सहज बोलते. म्हणाली, आमच्या घरी अल्बम खूप. हा कॅसेटवरचा मात्र माझा आहे. तेवीस वर्षं गाडीत सीटखाली ठेवलाय, एकटी असले की लावते. घरात कधी कोणी विचारलंच नाही, डार्लीन, तुला काय आवडतं?

मग एक बाई आणि गिटार. बस्स, एवढंच. मी उभाच राहिलो. मला एकदाही पुढे होऊन काही बदलावंसं वाटलं नाही. फार चांगला आहे. फारच चांगला. त्या गाडीत मी रोज बसतो.

१०.४५. अल्बमचं नाव ऐकायचं राहिलं म्हणून स्टेशनला फोन केला. ट्रूडीने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, एक श्रोता.